पॉज नसलेला सिनेमा: 'इंटरस्टेलर' दुसऱ्यांदा, पण या वेळी पडद्यावर

आजच्या भागाचं हे लिखित रूप. एसटीत रेंज जाते, इअरफोन घरी राहतो, किंवा बाजूला आई बसलेली असते म्हणून ज्यांना ऐकता येत नाही, त्यांच्यासाठी. बोललो तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त माझे 'अं' आणि 'म्हणजे कसं' थोडे कमी केलेत.

आधीच सांगून ठेवतो: आज 'इंटरस्टेलर'ची गोष्ट फुटणार आहे. ज्यांनी पाहिला नाही त्यांनी आधी पाहून या. आणि जमलं तर तो कसा पाहायचा, तेच आजच्या भागात आहे.

बाळापूर, २०१६

मी हा सिनेमा पहिल्यांदा पाहिला तो बाळापुरात, आमच्या घराच्या गच्चीवर, पाच इंची मोबाइलवर. सिनेमा आला होता नोव्हेंबर २०१४ मध्ये. आमच्यापर्यंत पोचायला त्याला दोन वर्षं लागली. २०१६च्या सप्टेंबरात जिओ आलं, गावातली सगळी पोरं रात्री गच्चीवर दिसायला लागली, त्याच दिवसांत एका मित्राच्या पेनड्राइव्हमधून हा माझ्याकडे आला. पेनड्राइव्हमध्ये कुठून आला ते विचारू नका. तेव्हा आम्हीही विचारलं नव्हतं.

मी तो चार रात्रींत पाहिला. एका रात्री झोप आली, एका रात्री बॅटरी संपली. मधे मधे व्हॉट्सअॅप पाहायचो. कंटाळा आला की बोटानं दहा-दहा सेकंद पुढे. शेवटी मित्राला म्हणालो, "भारी आहे, पण लय लांबवलाय."

एक हिशोब करून बघा. पाच इंची मोबाइल आडवा धरला की पडदा साधारण ११ सेंटीमीटर रुंद. त्यात सिनेमाची चौकट लांबट, म्हणून वर-खाली काळ्या पट्ट्या. प्रत्यक्ष चित्राची उंची उरते साडेचार सेंटीमीटरच्या आसपास. म्हणजे दोन काडेपेट्या शेजारी-शेजारी ठेवा, तेवढ्यात मी अख्खं ब्रह्मांड पाहत होतो, आणि वर म्हणत होतो की लांबवलंय.

पुणे, फेब्रुवारी २०२५

आता मी पुण्यात नोकरी करतो. 'इंटरस्टेलर'ला दहा वर्षं झाली म्हणून डिसेंबर २०२४ मध्ये तो बाहेरच्या देशांत पुन्हा थिएटरात लागला. आपल्याकडे तेव्हा 'पुष्पा २' नुकताच आला होता आणि आयमॅक्सचे पडदे त्याच्याकडे होते. मग आपल्याकडे तारीख पडली ७ फेब्रुवारी २०२५. तीही एकाच आठवड्यासाठी, कारण १४ तारखेला 'छावा' येणार होता. तिकिटं अशी संपली की मला रविवारी सकाळी सव्वासातचा शो मिळाला. एवढ्या सकाळी मी ऑफिसलाही उठत नाही. लोकांची मागणी पाहून मार्चमध्ये तो परत लागला, ते वेगळं.

हे री-रिलीजचं वारं आपल्याकडे तुम्हीही पाहिलं असेल. सप्टेंबर २०२४ मध्ये 'तुंबाड' पुन्हा लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला. 'इंटरस्टेलर' लागला त्याच दिवशी 'सनम तेरी कसम'ही पुन्हा लागला होता. गंमत बघा, हे सगळे सिनेमे लोकांच्या मोबाइलवर आधीच होते. गोष्ट माहीत आहे, शेवट माहीत आहे, तरी माणसं पैसे भरून गेली. कशासाठी गेली, हा प्रश्न मलाही होता. माझ्यापुरतं उत्तर मला त्या सकाळी मिळालं.

पहिला फरक आकाराचा. ख्रिस्तोफर नोलननं या सिनेमातला तासाहून जास्त भाग आयमॅक्सच्या मोठ्या फिल्मवर शूट केलाय. आपल्याकडे आयमॅक्सचं प्रोजेक्शन डिजिटल असतं, तरी त्या प्रसंगांत चौकट वर आणि खाली उघडते. यान अवकाशात शिरतं तेव्हा पडद्याची काळी पट्टी नाहीशी होते आणि तुमच्या नजरेला कडाच सापडत नाही. मोबाइलवर यान चित्राच्या मधोमध असतं. इथे ते एका कोपऱ्यात ठिपक्याएवढं असतं आणि बाकी सगळा शनी. आपण केवढे, हे डोळ्यांना आपोआप कळतं, कोणी संवादातून सांगावं लागत नाही.

दुसरा फरक आवाजाचा, आणि त्याहून जास्त शांततेचा. हान्स झिमरनं या सिनेमाच्या संगीतासाठी लंडनच्या टेंपल चर्चमधला पाइप ऑर्गन वापरला. असल्या ऑर्गनचे मोठे पाइप इतका खालचा सूर काढतात की तो कानापेक्षा छातीत जास्त लागतो. मोबाइलचा स्पीकर नखाएवढा, तो असला सूर काढूच शकत नाही. म्हणजे २०१६ साली मी अर्धं संगीत ऐकलंच नव्हतं.

आणि शांतता. अवकाशात हवा नाही, म्हणून आवाजही नाही. सिनेमात एक मोठा स्फोट होतो, तो पूर्ण मुका आहे. गच्चीवर पाहताना मला वाटलं होतं इअरफोन खराब झाला, मी पिन काढून परत घातली होती! थिएटरात तोच स्फोट झाला तेव्हा तीनेकशे माणसांपैकी एकानंही पॉपकॉर्नला हात लावला नाही.

पण खरा फरक तिसरा. थिएटरात पॉज नाही. आपल्याकडे मध्यंतर असतं, हो, पण ते कधी हे मी ठरवत नाही. २ तास ४९ मिनिटांचा सिनेमा त्याच्या वेगानं चालतो, मला आवडो न आवडो. आणि हा सिनेमा आहेच मुळी त्याच गोष्टीवर: वेळ आपल्या हातात नसते.

एक तास म्हणजे सात वर्षं

थोडक्यात गोष्ट. पृथ्वीवर पिकं मरत चाललीत. कूपर हा पूर्वीचा वैमानिक, आता शेतकरी. माणसांना राहण्यासारखा दुसरा ग्रह शोधायला तो अवकाशात जातो. मागे राहते त्याची दहा वर्षांची मुलगी मर्फ, जिला बापानं जाऊ नये असं वाटतं. ती रागानं त्याला नीट निरोपही देत नाही.

पुढे ते एका ग्रहावर उतरतात. हा ग्रह एका प्रचंड कृष्णविवराच्या अगदी जवळ आहे. तिथला एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं. ते काही तासांत परत येतात, आणि यानात थांबलेला त्यांचा सोबती पांढऱ्या दाढीनं समोर येतो. २३ वर्षं, ४ महिने, ८ दिवस गेलेले असतात.

हे खोटं नाही, मंडळी. आइन्स्टाइनच्या सापेक्षता सिद्धांताप्रमाणे जिथे गुरुत्वाकर्षण जास्त, तिथलं घड्याळ लांबच्या घड्याळापेक्षा हळू चालतं. घड्याळ बिघडलेलं नसतं, तिथे वेळच हळू जातो. आणि यातली महत्त्वाची गोष्ट ऐका: तिथल्या माणसाला ते जाणवत नाही. त्याचा श्वास, त्याची भूक, त्याचा तास, सगळं नेहमीसारखंच. फरक कळतो तो परत आल्यावर, दुसऱ्याचं घड्याळ पाहिल्यावर.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. चिखलदरा बाळापूरपेक्षा साधारण ८०० मीटर उंच आहे. उंचावर पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण किंचित सैल, म्हणून चिखलदऱ्याचं घड्याळ बाळापूरच्या घड्याळापेक्षा वर्षाला तीन मायक्रोसेकंदांच्या आसपास पुढे जातं. मायक्रोसेकंद म्हणजे एका सेकंदाचा दहा लाखावा भाग. एवढ्या फरकानं कोणाची बस चुकत नाही. पण आजची अणुघड्याळं याहूनही बारीक फरक मोजतात. २०१० मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी दोन घड्याळांमध्ये फक्त ३३ सेंटीमीटर उंचीचा फरक ठेवून हा परिणाम मोजून दाखवला.

आणि तुमच्या हातातला मोबाइल रोज याच हिशोबावर चालतो. मॅप लावता ना? जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर आहेत. तिथे गुरुत्वाकर्षण कमी, म्हणून त्यांची घड्याळं दिवसाला ४५ मायक्रोसेकंद पुढे जातात. ते वेगानं फिरतात, त्यामुळे ७ मायक्रोसेकंद मागे पडतात. शिल्लक ३८ मायक्रोसेकंद. हे दुरुस्त केलं नाही तर मॅपची चूक रोज दहा-अकरा किलोमीटरनं वाढत जाईल. तुम्ही शेगावला निघाल आणि मॅप तुम्हाला भलत्याच गावाच्या वेशीवर नेऊन सोडेल.

सिनेमातला आकडा मात्र फारच मोठा. नोलननं तो मागितला, आणि त्याचे सल्लागार किप थॉर्न यांनी गणित करून सांगितलं की जमेल, पण कृष्णविवर अफाट वेगानं स्वतःभोवती फिरत असायला हवं. अशक्य नाही, फक्त अतिशय दुर्मीळ.

आता एक प्रयोग. सिनेमाचं संगीत मी इथे वाजवू शकत नाही, हक्कांचा मामला आहे. म्हणून पेननं टेबलावर वाजवतो. टिक... टिक... टिक... त्या ग्रहावर ते उतरतात तेव्हा संगीतात अशी टिकटिक चालू असते, साधारण सव्वा सेकंदाला एक. आता एक तासाला सात वर्षं हा भाव लावा. एका सेकंदाला सतरा तास. म्हणजे एका टिकमध्ये पृथ्वीवरचे एकवीस तास, जवळजवळ एक अख्खा दिवस. टिक, मर्फ शाळेत जाऊन आली. टिक, दुसरा दिवस. टिक, तिसरा.

मोबाइलवर मी हाच प्रसंग पॉज करून जेवायला गेलो होतो. आईनं भाकरी वाढली, मी परत आलो, लाट तिथेच थांबलेली. थिएटरात ती लाट थांबली नाही. टिकटिक चालू राहिली, आणि मला पहिल्यांदा त्या प्रसंगाची भीती वाटली. लाटेची नाही. टिकटिकीची.

कृष्णविवर हा शब्द आपल्याकडे आधीच होता

सिनेमातलं कृष्णविवर म्हणजे गार्गँटुआ. मधे काळोख, भोवती सोनेरी कडं, आणि तेच कडं वरून आणि खालूनही दिसतं. असं का? कारण मागच्या बाजूचा प्रकाशही गुरुत्वाकर्षणानं वाकून आपल्याकडे येतो. हे चित्र कोणा चित्रकारानं कल्पनेनं काढलेलं नाही. थॉर्न यांनी समीकरणं दिली, ग्राफिक्सच्या टीमनं त्यांच्यावरून प्रकाशाची वाट काढणारा प्रोग्राम लिहिला. काही फ्रेम तयार व्हायला शंभर-शंभर तास लागले. एक सेकंदाच्या सिनेमात २४ फ्रेम असतात, हिशोब तुम्हीच करा. या कामातून खरे शोधनिबंधही निघाले, आणि दृश्य परिणामांचं ऑस्करही मिळालं.

२०१४ साली कृष्णविवराचं खरं छायाचित्र कोणाकडेच नव्हतं. ते जगासमोर आलं १० एप्रिल २०१९ रोजी, साडेपाच कोटी प्रकाशवर्षं दूर असलेल्या एम८७ दीर्घिकेतल्या कृष्णविवराचं. मधे काळोख, भोवती उजेडाचं कडं. मी ते मोबाइलवर पाहिलं आणि पहिला विचार आला, 'अरे, हे तर आपण गच्चीवर पाहिलंय.'

पण आपल्या भाषेत ही गोष्ट त्याहून खूप आधीची आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत नारायण विनायक जगताप नावाच्या माणसाची कथा आली. कथेचं नाव 'कृष्णविवर'. तिला पहिलं बक्षीस मिळालं. नंतर कळलं की हे जगताप म्हणजे डॉ. जयंत विष्णू नारळीकर! नावाची आद्याक्षरं त्यांनी उलटी केली होती, आणि अक्षरावरून ओळखू नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंच्या हस्ताक्षरात पाठवली होती. आपल्या नावामुळे नाही, तर कथेमुळे निकाल लागावा, एवढंच त्यांना हवं होतं. 'इंटरस्टेलर' यायच्या चाळीस वर्षं आधीची ही गोष्ट. पुढे १९८८ मध्ये त्यांनी पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी केली. २० मे २०२५ रोजी ते गेले. त्या रात्री मी हा भाग करायचं ठरवलं.

आणि किप थॉर्न? त्यांना २०१७ मध्ये नोबेल मिळालं, पण सिनेमासाठी नाही. गुरुत्वीय लहरी पकडणाऱ्या लायगो प्रयोगासाठी. दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की अवकाशात जी थरथर पसरते, ती मोजणारी ही यंत्रणा. तशीच एक यंत्रणा भारतात उभी राहणार आहे, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांची. केंद्र सरकारनं एप्रिल २०२३ मध्ये तिला मंजुरी दिली, खर्च २,६०० कोटी. जागा माहीत आहे? हिंगोली जिल्हा, औंढा नागनाथजवळ. अकोल्याहून निघा, वाशीम ओलांडा, की हिंगोली. म्हणजे कृष्णविवरांची बातमी ऐकायला आमच्या वऱ्हाडातल्या पोरांना अमेरिकेत जायची गरज उरणार नाही.

सतरा व्हॉइस नोट

आता जे सांगायचं ते सांगतो. रेकॉर्ड करताना इथे मी दोनदा थांबलो होतो, ते कापलंय.

त्या ग्रहावरून परत आल्यावर कूपर यानात एकटा बसतो आणि २३ वर्षांचे साठलेले व्हिडिओ संदेश पाहतो. मुलगा मोठा होतो, लग्न करतो, बाप होतो. सांगत राहतो, उत्तर येत नाही. मग म्हणतो की आता मी संदेश पाठवणं थांबवतो. कूपर पडद्यासमोर रडतो. त्याला काही पुढे ढकलता येत नाही, मागेही नेता येत नाही.

माझे बाबा टाइप करत नाहीत. चष्मा शोधायचा कंटाळा. ते व्हॉइस नोट पाठवतात, शेतातून, बहुतेक दुपारी. मागून मोटरचा नाही तर वाऱ्याचा आवाज. त्या सकाळी सिनेमा सुटला, मी पार्किंगच्या पायऱ्यांवर बसलो आणि बाबांचं चॅट उघडलं. जानेवारीपासूनच्या सतरा नोट होत्या. दहा अजून हिरव्या, म्हणजे न ऐकलेल्या. सात ऐकलेल्या, पण कशा ऐकलेल्या, ते मलाच माहीत. दुपटीच्या वेगानं, लिफ्टमध्ये, पहिले दहा सेकंद ऐकून 'ठीक आहे' असा अंगठा पाठवून.

सगळ्या पहिल्यापासून ऐकल्या. साध्या वेगानं.

एक नोट चार मिनिटं बारा सेकंदांची होती. सुरुवातीला थंडीबद्दल, मग हरभऱ्याबद्दल, मग आईच्या गुडघ्याबद्दल. आणि तिसऱ्या मिनिटानंतर: "बरं, सर्ज्याले विकून रायलो. वाडेगावचा मानूस पाहून गेला. आता माह्याच्यानं दोघाईचं होत नाई अन् ट्रॅक्टरच लावाचा हाय तं त्याले बांधून कायले ठेवू. तुले पाहाचं असन तं रविवारी ये. सोमवारी तो नेते."

सर्ज्या आमचा बैल. मी दहावीत असताना घरी आला होता. पोळ्याला त्याच्या शिंगांना रंग मी लावायचो, दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायचा नाही तो. तो रविवार होऊन तीन आठवडे झाले होते. आणि त्या नोटखाली माझा अंगठा होता.

मी गेलो नव्हतो असं नाही, मंडळी. मला माहीतच नव्हतं. पण बाबांच्या बाजूनं बघा. व्हॉइस नोट ऐकायला सुरुवात केली की पाठवणाऱ्याकडे माइकचं चिन्ह निळं होतं. त्यांना दिसलं की पोरानं ऐकलं. अंगठाही आला. आणि रविवारी पोरगा आला नाही.

बाळापूर, होळी

होळीला घरी गेलो. गोठ्यात राजा एकटा. बाबांना म्हटलं, "बाबा, ती नोट मी पूर्ण ऐकली नव्हती."

बाबा म्हणाले, "माइक तं निळा झाला होता."

"सुरुवात ऐकली की निळा होतो."

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "असं हाय काय. मले वाटलं, पोट्ट्याले आता बैलाचं काय कौतिक."

त्या रात्री मी घरच्या टीव्हीवर त्यांना 'इंटरस्टेलर' लावून दिला, हिंदीत. अट एकच, मधे थांबवायचा नाही. बाबा हसले. म्हणाले, "आमच्या टाइमाले कोन थांबवत होतं?" १९९४ मध्ये 'जुरासिक पार्क' हिंदीत आला, तेव्हा ते मित्रांसोबत अकोल्याच्या टॉकीजमध्ये गेले होते. सांगत होते, "लघवीले गेलो असतो तं तो मोठा डायनासोर निघून गेला असता. बसलो तसाच दाबून!" ही गोष्ट मी पन्नास वेळा ऐकली असेल. या वेळी पहिल्यांदा नीट ऐकली.

सिनेमा सुरू झाला. सुरुवातीलाच म्हातारी माणसं धुळीच्या आठवणी सांगतात. त्यातले बहुतेक नट नाहीत. १९३०च्या दशकात अमेरिकेत शेतीची माती उडून धुळीची वादळं आली होती, ती स्वतः पाहिलेल्या लोकांच्या मुलाखती एका माहितीपटासाठी घेतल्या होत्या, त्याच नोलननं वापरल्या. पुढे भेंडीचं पीक जाळतात, यापुढे भेंडी येणार नाही म्हणून. माझ्यासाठी हे दोन्ही वेळा 'मुख्य गोष्ट सुरू व्हायच्या आधीचं' होतं. बाबा मात्र पुढे सरकून बसले. बोंडअळीच्या वर्षी पराटी उपटून टाकणारा माणूस आहे तो.

"अन् तो मका खरा हाय का?" त्यांनी विचारलं.

खरा आहे. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात या सिनेमासाठी ५०० एकर मका पेरला होता. शूटिंग झाल्यावर उरलेला विकला, त्यात नफाही झाला. हे सांगितल्यावर बाबा म्हणाले, "सिनेमावाल्याले भाव भेटला म्हना! आमालेच भेटत नाई."

तास-सात वर्षांचं गणित मी समजावलं. चिखलदऱ्याचं घड्याळ, जीपीएस, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "म्हंजे पुणं त्या गड्ड्याच्या जवळ हाय." मी विचारलं, "काहून?" तर म्हणाले, "तुये पंधरा दिवस एका दिवसासारखे जातेत. आमची अठी एक दुपार सरत नाई."

मी पुण्यात इतका कामात असतो, असं मला नेहमी वाटायचं. ग्रहावर उतरलेल्या माणसाला काही वेगळं जाणवत नाही, हे मी तुम्हाला वर सांगितलंच.

शेवटी कूपर परत येतो तेव्हा तो तसाच तरुण असतो, आणि मर्फ म्हातारी, अंथरुणावर. बाबांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "लांब होता सिनेमा." मग थोड्या वेळानं, "पन बरा होता."

मग तुम्ही काय करायचं?

असा एखादा सिनेमा पुन्हा लागला आणि तुमच्याजवळ पैसे आणि दोन-तीन तास असतील, तर जा. आयमॅक्स नसलं तरी चालेल, साधा पडदाही मोबाइलपेक्षा मोठाच. तिकीट महाग वाटलं तर सकाळचा शो बघा, सहसा स्वस्त असतो. बातमी आली की लगेच बुक करा, कारण असे सिनेमे बहुतेक वेळा एखाद्या आठवड्यातच उतरतात. फोन नुसता सायलेंट नका करू, बंद करा.

थिएटर जवळ नसेल, आणि आमच्याकडे कुठल्याही मोठ्या पडद्यासाठी अकोला गाठावं लागतं, तर घरच्या टीव्हीवर बघा. दिवे घालवा, रिमोट आईकडे द्या, आणि एका बैठकीत संपवा. कोणासोबत पाहताय, त्यानंही फरक पडतो. माझ्याकडे मका खरा आहे का हे विचारणारा माणूस शेजारी होता, म्हणून मला तिसऱ्यांदा वेगळाच सिनेमा दिसला.

व्हॉइस नोटचं म्हणाल तर मी एकच नियम केलाय. ऑफिसच्या नोट दुपटीच्या वेगानं. घरच्या साध्या वेगानं, शेवटपर्यंत, आणि उत्तर अंगठ्यानं नाही, आवाजानं. दर वेळी जमतं असं नाही. कालची एक अजून हिरवीच आहे, हा भाग टाकला की ऐकतो.

सर्ज्या वाडेगावला बरा आहे. बाबा मधे एकदा जाऊन पाहून आले. पोळ्याला मी जाणार आहे, तिथल्या माणसाला विचारून ठेवलंय, शिंगांना रंग मी लावला तर चालेल का. तो म्हणाला, या.

तुम्ही कोणता जुना सिनेमा पडद्यावर परत पाहिलात आणि तो वेगळाच निघाला, ते मला पाठवा. व्हॉइस नोट पाठवली तरी चालेल. पूर्ण ऐकेन.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.